"प्रतिमेचा दर्जा कमी": साध्या फोनने घंगाळाचा फोटो काढताना

गणपती बसायच्या चार दिवस आधी मी आमच्या घंगाळाचा पहिला फोटो विक्रीच्या पोर्टलवर चढवला. तो मंजूर झाला तेव्हा घट बसले होते. मधल्या काळात "प्रतिमेचा दर्जा कमी" हे तीन शब्द तीनदा आले. त्यांच्यापुढे एक अक्षर जास्त नाही. कुठे कमी, किती कमी, काय केलं म्हणजे वाढेल, काही नाही. अजून आठवलं तरी चीड येते, म्हणून सगळं लिहून काढते आहे. निदान दुसऱ्या कुणाचे एवढे दिवस जाऊ नयेत.

आम्ही पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीतले. सासरे, म्हणजे अण्णा, बाराव्या वर्षापासून हातोडी धरून आहेत. बंब गेले, हंडे गेले, आता लोक घंगाळ, म्हणजे अंघोळीच्या पाण्याचं रुंद तोंडाचं भांडं, मागतात ते दिवाणखान्यात फुलं तरंगत ठेवायला. मागू देत, काम तर चालू राहतं. लेकीने सुचवलं की एका ऑनलाइन विक्रीच्या पोर्टलवर नाव नोंदवू. बँकेचे, पॅनचे, जीएसटीचे कागद एका दुपारी झाले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. राहिला फोटो. अट अशी: पाठीमागे पांढरं, वस्तू चौकटीत भरलेली आणि लांब बाजू किमान 1000 पिक्सेल.

माझा फोन साधा. मागचा कॅमेरा 5 मेगापिक्सेल, एवढंच खोक्यावर लिहिलेलं.

पहिला फोटो मी जवळून काढला. घंगाळाची शोभा मठारकामात, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांत आहे. अण्णा एकेक ठोका ओळीने देतात, कडेपासून बुडापर्यंत, आणि ते ठोके दिसावेत म्हणून मी फोन जेमतेम फूटभरावर धरला. फोनच्या पडद्यावर छान दिसला. पोर्टलने परत पाठवला. लेकीने तो मोठा करून दाखवला तेव्हा ठोके साखरेच्या पाकासारखे एकात एक मिसळलेले.

सगळे सांगतात, पडद्यावर बोट लावा, फोकस होतो. मी लावत होते. पुष्कळ स्वस्त फोनांत भिंग जागचं हलतच नाही, त्याचा फोकस कारखान्यातच कायमचा ठरवलेला असतो. बोट लावलं की फक्त उजेड कमीजास्त होतो. आपला फोन तसला आहे का, हे ओळखायला मी जे केलं ते कुणीही घरी करू शकतं. वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवलं, शिवणाची टेप जमिनीवर पसरली आणि एक फूट, दीड, दोन, अडीच, तीन असे पाच फोटो काढले. मग प्रत्येक फोटो मोठा करून बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला. फूटभरावरचं वाचता येईना, दीड फुटावरचं कसंबसं, अडीच फुटांवरचं स्वच्छ. म्हणजे माझ्या फोनला अडीच फूट लागतात. तुमच्या फोनचा आकडा वेगळा निघेल, पण तो एकदा काढून ठेवाच.

हे मला पहिल्या नकारानंतर कळलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा मी उलटंच केलं. लांब उभी राहिले आणि दोन बोटांनी झूम केलं. असल्या फोनमध्ये झूम म्हणजे मधला तुकडा कापून ताणणं. नवीन तपशील कुठूनही येत नाही. दुसरा नकार.

मग मी मोबाइलच्या दुकानात गेले. त्यांनी फोन हातातही न घेता सांगितलं, "ताई, याच्यात होणार नाही. चौदा हजारांपासून पुढे बघा." पोर्टलच्या मदत क्रमांकावरही तेच, चांगल्या कॅमेऱ्याने काढा. चौदा हजारांत तांब्याचा पत्रा येतो. अण्णांना मी काहीच बोलले नाही, पण त्यांनी ऐकलं होतं. रात्री जेवताना म्हणाले, "अगं, माझी हातोडी तरी कुठली नवी आहे?" त्या वाक्यावर मी ठरवलं, की याच फोनने काढायचा.

तिसऱ्या खेपेला खरी तयारी केली. तांबं हा फोटोला फार अवघड धातू. ते आरसाच असतं. पहिल्या फोटोंत घंगाळाच्या पोटात मी होते, माझी पिवळी साडी होती, खिडकीचे गज होते, वरची ट्यूबलाइट होती. फ्लॅश तर त्याहून वाईट, प्रत्येक ठोक्याच्या खळग्यात एकेक पांढरा ठिपका, जसं काही देवी आल्यासारखं. फ्लॅश बंद केला तो कायमचा. आमच्या मागच्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे, तिथे ऊन येत नाही, उजेड येतो. त्या खिडकीवर अण्णांचं जुनं, विरलेलं धोतर ताणून बांधलं. उजेड असा मऊ झाला की तांब्यावरची चमक एकसारखी पसरली. गच्चीवर उन्हात काढून पाहिलं होतं, तिथे एक बाजू जळते आणि दुसरी काळी पडते. भाद्रपदातलं ढगाळ आभाळ असेल तर गच्चीही चालते.

उजेड बाजूने हवा. समोरून आला की ठोके सपाट दिसतात. बाजूने आला की प्रत्येक खळग्याची एक कड उजळते आणि एक सावलीत जाते, आणि मगच हाताचं काम दिसतं. दुसऱ्या बाजूला मी थर्मोकोलचा पांढरा तुकडा उभा केला, म्हणजे सावली फार गडद होत नाही.

माझं प्रतिबिंब घालवायला अप्पा बळवंत चौकातून मोठी पांढरी कार्डशीट आणली, तिला मधोमध रुपयाएवढं भोक पाडलं आणि फोन तिच्यामागे धरला. घंगाळाला आता समोर फक्त पांढरं दिसत होतं. पण सगळीकडे पांढरं केल्यावर घंगाळाची कड पाठीमागच्या पांढऱ्यात विरघळायला लागली. तेव्हा कडेला, चौकटीच्या बाहेर, काळ्या कागदाची एक पट्टी उभी केली. तिची बारीक काळी रेघ तांब्यावर उमटली आणि भांड्याला आकार आला. हा शोध माझा मीच लावला आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

फोन हातात धरला की हलतो. छोट्या कॅमेऱ्यात उजेड कमी शिरतो, म्हणून तो जास्त वेळ उजेड गोळा करतो, आणि तेवढ्यात हात हलला तरी सगळं पुसट. स्टुलावर किलोभर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यात फोन रुतवला आणि तीन सेकंदांचा टायमर लावला. बटण दाबतानाचा धक्काही मग लागत नाही.

खोलीतला दिवा बंद ठेवायचा, हे लिहायचं राहत होतं. खिडकीचा उजेड निळसर, दिव्याचा पिवळा. दोन्ही एकत्र आले की फोन गोंधळतो आणि तांबं पितळेसारखं दिसतं. आमच्या धंद्यात हे चालत नाही, गिऱ्हाईक फसवल्यासारखं होतं. आणि ट्यूबलाइटखालीच काढावं लागलं, फोटोत आडवे पट्टे आले, तर सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर शोधून 50 हर्ट्झ निवडायचं, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आहे.

पांढरी चादर करडी का दिसते, यावरही माझी एक सकाळ गेली. फोनला समोर सगळं पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो अंधारा करतो. एक्स्पोजरची, म्हणजे उजेड कमीजास्त करायची, पट्टी थोडी अधिककडे सरकवायची. फार सरकवली तर तांब्याची चमक फुटते, म्हणून दोन-तीन वेगवेगळे काढून ठेवायचे.

एवढं करून निघालेला फोटो खरोखर चांगला होता. मोठा करून पाहिला, ठोका न् ठोका मोजता येत होता. चढवला. तीन दिवसांनी तेच तीन शब्द.

त्या दिवशी मी रडले. विसर्जनाची मिरवणूक नुकतीच संपली होती, आळीत गुलाल पडलेला होता, आणि मला वाटलं दुकानदार म्हणाला तेच खरं. पुढचे पाच दिवस मी फोटोला हात लावला नाही. मदत क्रमांकावर दोनदा फोन केला. एकदा वीस मिनिटं संगीत ऐकवून फोन तुटला, दुसऱ्यांदा पुन्हा "चांगल्या कॅमेऱ्याने काढा". कारण विचारलं तर म्हणे, यंत्र तपासतं, आम्हाला कारण दिसत नाही. माणसाच्या महिनाभराच्या मेहनतीला नकार द्यायचा आणि कारण कुणालाच माहीत नसावं, हे मला आजही पटत नाही. त्या ओळीत एक आकडा लिहिला असता तरी माझे पंधरा दिवस वाचले असते.

आकडाच होता तो. लेक शनिवारी घरी होती, तिने तिच्या लॅपटॉपवर चढवलेली फाइल उघडून प्रॉपर्टीज पाहिल्या. 1280 बाय 960. माझ्या फोनमध्ये तोच फोटो 2592 बाय 1944 होता. म्हणजे पन्नास लाख पिक्सेलांतले जेमतेम बारा लाख उरले होते. मी दरवेळी फोटो फोनवरून लेकीला गप्पांच्या अ‍ॅपवर पाठवत होते, आणि ती तिथून उतरवून घेत होती. अ‍ॅप डेटा वाचवायला फोटो लहान करून पाठवतं. त्यावर आम्ही घंगाळ चौकटीत भरावं म्हणून कडा कापल्या, तेव्हा लांब बाजू सातशेच्या आसपास आली. अट हजाराची. कॅमेरा निर्दोष होता. फोटो वाटेत मार खात होता.

फोटो अ‍ॅपवरून पाठवायचाच असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसाच्या तसा पोचतो. आम्ही केबल लावायचं ठरवलं, तर फोनसोबतची केबल हरवलेली, आणि घरातल्या दुसऱ्या केबलने फक्त चार्जिंग होई, लॅपटॉपला फोन दिसेना. स्वस्त केबलींत कित्येकदा डेटाच्या तारा नसतातच. शेजारून केबल आणली आणि मूळ फाइल घेतली. कापल्यावरही लांब बाजू 1400 च्या आसपास भरली.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येही बघून घ्या. माझ्याकडे सुरुवातीला फोटोचा आकार 16:9 वर होता, त्यात वरचा-खालचा भाग आपोआप कापला जातो. 4:3 ठेवलं की पूर्ण 5 मेगापिक्सेल मिळतात. ब्यूटी मोड चालू असेल तर बंद करा, तो चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसारखे तांब्यावरचे ठोकेही घासून काढतो. आणि भिंग पुसा, मऊ सुती कापडाने. आमच्या घरात भट्टीची काजळी असते, कॅमेऱ्यावर तिचा थर बसतो आणि फोटो धुक्यातला वाटतो.

भांडं फोटोच्या तासभर आधीच चिंच-मिठाने घासा आणि नंतर फडक्यानेच उचला. बोटांचे ठसे डोळ्यांना दिसत नाहीत, फोटोत दिसतात.

चौथ्यांदा चढवला आणि दुसऱ्या दिवशी मंजूर झाला. मी लॅपटॉप घेऊन खाली भट्टीपाशी गेले. अण्णांनी चष्मा लावला, लेकीने फोटो मोठा केला, आणि ते बराच वेळ गप्प राहून बघत होते. मग बोट ठेवून म्हणाले, "या तिसऱ्या ओळीत एक ठोका सुटलाय. हे काढ. हे विकायचं नाही."

मी तो फोटो पोर्टलवरून काढून टाकला. त्यांनी आठवडाभरात दुसरं घंगाळ केलं. त्याचा फोटो धोतर बांधण्यापासून केबल लावण्यापर्यंत चाळीस मिनिटांत झाला.