फळ्यावर आठवडाभर एकच शब्द

स्मरणिका समितीचं पत्र आलं, 'काहीही लिहा, पण शाळेबद्दल लिहा.' कौलारू इमारत, जिन्याखालची घंटा, मधल्या सुट्टीतली चिंचा-बोरं याबद्दल बाकीचे लिहितीलच. मला बाईंबद्दल लिहायचं आहे. बाई म्हणजे इंग्रजीच्या, या अंकाच्या वाचकांना नाव सांगायची गरज नाही. त्यातही त्यांच्या एकाच आठवड्याबद्दल लिहितो. वर्ग आठवी ब, शब्द 'सेट'.

फळ्याच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे मराठीतलं फक्त क्रियापद. अर्थ पाठ करायचा नाही, प्रत्येकानं घरून एक वापर आणायचा. शनिवारी उजव्या बाजूला इतर वापरांबरोबर हे होते: सूर्य मावळतो, दही लागतं, मोडलेलं हाड बसवतात, गजर लावतात, ताटं मांडतात, प्रश्नपत्रिका काढतात, अंगठीत खडा बसवतात, सापळा लावतात, छापखान्यात खिळे जुळवतात. नऊ ठिकाणी इंग्रजीचा एक शब्द आणि मराठीची सहा क्रियापदं. लागणे-लावणे हे बाई एकच धरायच्या.

मग त्यांनी 'बसवणे'भोवती गोल काढला. बसणे, बसवणे. सिट, सेट. जुन्या इंग्रजीत 'सेट' हे 'सिट'चं प्रयोजक रूपच होतं, म्हणजे बसायला लावणे. अशी आणखी जोडपी त्या भाषेत उरली आहेत. राइझ म्हणजे उठणे, रेझ म्हणजे उठवणे. फॉल म्हणजे पडणे, फेल म्हणजे झाड पाडणे. लाय म्हणजे आडवं होणे, ले म्हणजे आडवं ठेवणे. आपल्याकडे पडणे-पाडणे, उठणे-उठवणे हे पोरंसुद्धा न शिकता बोलतात. इंग्रजीत ती सोय मोडीत निघाली आणि हे मोजके अवशेष राहिले. व्याकरणाच्या पुस्तकात हे वेगवेगळ्या पानांवर असतं, बाईंनी एका गोलात आणलं.

याच सुमारास तपासणीला साहेब आले आणि आमच्या मॉनिटरनं अदबीनं म्हटलं, 'प्लीज सेट डाउन, सर.' वर्ग हसला, कारण चूक आम्हाला नुकतीच कळायला लागली होती. बाई रागावल्या नाहीत. साहेब गेल्यावर त्यांनी मॉनिटरच्या हातात डस्टर दिलं. 'सेट इट डाउन.' त्यानं ते टेबलावर ठेवलं. 'नाउ सिट डाउन.' तो बाकावर बसला. झालं. सेटला पुढे काहीतरी ठेवायला लागतं, सिटला लागत नाही, हे चाळीस जणांना अर्ध्या मिनिटात समजलं.

तरीही सूर्य कुणी 'ठेवत' नाही, तो आपला आपण सेट होतो. दही आणि सिमेंटही तसंच. इथे वस्तू घट्ट होऊन जागची हलेनाशी होते, म्हणून कर्माशिवाय चालतं. विरजण लावलेलं भांडं मध्येच हलवलं तर दही मोडतं आणि पाणी सुटतं. मोडलं म्हणजे सेट झालं नव्हतं, किंवा झालेलं बिघडलं. सिमेंटचं वाक्य गवंड्याच्या मुलानं आणलं होतं. साध्या पोर्टलँड सिमेंटचा सुरुवातीचा 'सेट' ३० मिनिटांच्या आत होऊ नये आणि शेवटचा ६०० मिनिटांच्या पुढे जाऊ नये, असा भारतीय मानकांचा नियम आहे. तो फार लवकर होऊ नये म्हणूनच कारखान्यात जिप्सम मिसळतात. सेट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून थापणारा गवंडी काम वाया घालवतो. आणि सेट होणं म्हणजे ताकद येणं नव्हे, ती २८ दिवसांनी तपासतात. इंग्रजीतही 'सेट' आणि 'हार्डन' हे दोन वेगळे शब्द आहेत, त्याचं कारण हेच.

चुका जास्त व्हायच्या त्या रूपांत. 'सेटेड' असं रूप नाहीच. तिन्ही काळांत सेट, सेट, सेट. म्हणून 'द सन सेट्स' म्हणजे रोज मावळतो आणि 'द सन सेट' म्हणजे मावळला. एका 'एस'वर काळ बदलतो. टी किंवा डीने संपणारी कट, पुट, हिट, शट, हर्ट, कॉस्ट, स्प्रेड ही लहान क्रियापदं याच रांगेतली. पण गेटचं गॉट होतं आणि सिटचं सॅट, तेव्हा रांगेवर डोळे मिटून विश्वास नको. 'सेटिंग' लिहिताना टी दोनदा.

कपबशांचा सेट मात्र दुसऱ्या घरातला. तो जुन्या फ्रेंचमार्फत लॅटिन 'सेक्टा'पासून आला. पंथ या अर्थाचा 'सेक्ट' त्याचाच भाऊ. म्हणजे मुळात दोन शब्द, पुढे स्पेलिंग एक झालं आणि अर्थही एकमेकांत मिसळले. शेजारच्या वर्गावरचे गणिताचे सर दारातून म्हणाले होते, आमच्या संचात तोच घटक दोनदा लिहिला तरी तो एकच मोजतात. त्यावर बाईंनी विचारलं, मग पाहुणे सहा आले तर चहा कशात देता?

सुतारकामाच्या तासालाही सेट निघाला. करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवतात. ते वाकवले नाहीत तर चीर पात्याइतकीच अरुंद पडते आणि पातं लाकडात अडकतं. मैदानावर 'ऑन युवर मार्क्स, सेट' आणि मग पिस्तूल, पण हा सेट ४०० मीटरपर्यंतच्याच शर्यतींना. ८०० मीटरला तो आदेश नसतो, कारण धावपटू उभ्यानंच निघतात.

खरी मेख जोडशब्दांत. 'सेट इन' म्हणजे येऊन ठाण मांडणे, तेही बहुधा नकोशा गोष्टीनं. थंडी, कूज, पावसाची झड. 'झड लागली' याहून चांगलं भाषांतर मला अजून सापडलेलं नाही. 'सेट आउट'पुढे 'टू', 'सेट अबाउट'पुढे 'आयएनजी', हे उलटसुलट झालं की वाक्य खटकतं. 'सेट असाइड' सर्वांत धोक्याचा. घरात पैसे सेट असाइड केले म्हणजे बाजूला ठेवले, शिल्लक टाकले. वरच्या न्यायालयानं खालचा हुकूमनामा सेट असाइड केला म्हणजे रद्द केला. न्यायालयीन कागदांची भाषांतरं करणं हा आता माझा धंदा आहे, आणि 'निकाल बाजूला ठेवला' असं वाचलं की बाईंची लाल शाई आठवते. वाचणाऱ्याला वाटतं निकाल राखून ठेवला, यायचा आहे. तो 'रिझर्व्ह'. इथे तर आधीचा निकाल उरलेलाच नसतो.

ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती, क्रियापदाचेच ४३० अर्थ. २०११ मध्ये 'रन'नं ६४५ अर्थांनिशी त्याला मागे टाकलं. आठवी ब शनिवारपर्यंत ४१ वर पोचली होती. आता त्या खोलीत डिजिटल फळा आहे, छान आहे, पण एका शब्दाला अख्खा आठवडा कोणत्या वेळापत्रकात बसवणार? मोबाइल पहिला अर्थ दाखवतो आणि पोरं तिथेच थांबतात.

४१ मध्ये 'सेट ऑफ'चे तीन होते: प्रवासाला निघणे, फटाके उडवणे, आणि काठामुळे साडीचा रंग खुलणे. चौथा हिशेबातला, एका बाजूचा तोटा दुसऱ्या बाजूच्या उत्पन्नातून वळता करणे. जुन्या करपद्धतीत गृहकर्जाच्या व्याजानं घराच्या उत्पन्नात तोटा आला तर तो पगारासारख्या इतर उत्पन्नातून वर्षाला २ लाखांपर्यंतच सेट ऑफ होतो, उरलेला पुढची ८ वर्षं ओढता येतो, पण फक्त घराच्याच उत्पन्नासमोर. उजव्या बाजूला 'वळता करणे' लिहावं लागेल. हा ४२ वा बाईंना दाखवायचा राहून गेला.