बेकिंग पावडरमधले कोरडे आम्ल

केक फुगवणारा वायू निर्माण करणे ही स्वयंपाकघरातली मोठी अडचण कधीच नव्हती. खाण्याच्या सोड्यात आंबट ताक पडले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे लगेच उठतात. अडचण होती ती आम्लाची, कारण ताकाचा आंबटपणा रोज बदलतो आणि आम्ल कमी पडले तर उरलेल्या सोड्याने पदार्थ साबणासारखा लागतो. म्हणूनच बेकिंग पावडरचा इतिहास मला मोजून घेता येईल, कोरडे राहील आणि डब्यात निमूट पडून राहील अशा आम्लाच्या शोधाचा इतिहास वाटतो.

बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना यीस्ट सोसत नसे. त्यांना पाव खाता यावा म्हणून बर्ड यांनी १८४३ मध्ये सोडा, कोरडे आम्ल आणि स्टार्च यांचे मिश्रण तयार केले. हवेतला ओलावा स्टार्च शोषून घेतो आणि सोडा व आम्ल यांना अवेळी भिडू देत नाही; आजच्या डब्यातही त्याचे काम हेच आहे.

अमेरिकेत मात्र आम्ल म्हणून क्रीम ऑफ टार्टर वापरत. द्राक्षांच्या वाइनच्या पिंपांत आतून जमणाऱ्या थरापासून ते मिळे, त्यामुळे ते युरोपातून मागवावे लागे आणि महाग पडे. त्याला पर्याय शोधला एबेन नॉर्टन हॉर्सफर्ड यांनी. जर्मनीतील गीसेन येथे युस्टुस फॉन लीबिग यांच्या हाताखाली शिकून आलेले हे हार्वर्डचे प्राध्यापक हाडे जाळून त्यांच्या राखेवर गंधकाम्लाची प्रक्रिया करत आणि त्यातून मोनोकॅल्शियम फॉस्फेट मिळवत. १८५६ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले. या संशोधनामागचा त्यांचा हेतू मला विशेष मोलाचा वाटतो: मैदा करताना कोंड्याबरोबर फॉस्फेटे निघून जातात, ती पावात परत यावीत अशी त्यांची इच्छा होती. पाव फुगवणे आणि पोषण, या दोन्ही गोष्टींचा विचार त्यांनी एकत्र केला होता. ऱ्होड आयलंडमधील त्यांच्या रमफर्ड केमिकल वर्क्सने आधी आम्ल आणि सोडा वेगवेगळे विकले. पुढे मक्याचे स्टार्च घालून दोन्ही एकाच डब्यात आले.

यानंतर तुरटीच्या जातीचे सोडियम ॲल्युमिनियम सल्फेट वापरणाऱ्या पावडरी बाजारात आल्या. हे आम्ल स्वस्त होतेच, शिवाय ते मुख्यतः भट्टीच्या उष्णतेने कामाला लागत असल्याने मिश्रण थोडा वेळ राहिले तरी बिघडत नसे. क्रीम ऑफ टार्टर वापरणाऱ्या रॉयल कंपनीच्या गोटातून तुरटी विषारी असल्याचा प्रचार झाला, आणि मिसुरी राज्याने १८९९ मध्ये अशा पावडरींच्या विक्रीवर बंदी घातली. त्या कायद्यामागची लाचखोरी उघडकीस आल्यावर लेफ्टनंट गव्हर्नर जॉन ली यांना १९०३ मध्ये पद सोडावे लागले आणि १९०५ मध्ये बंदी उठली. स्वस्त पावडरींची वाट त्यानंतर मिसुरीतही मोकळी झाली.