ओली चादर

जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घरातल्या कामांची यादी करून ठेवली होती. 14 कामं, पेन्सिलीनं. पहिलं ‘गच्ची’, शेवटचं ‘फाटकाला रंग’. मधे ओटा, हौद, न्हाणीघराचा उतार, आणि बाराव्या नंबरावर ‘बाग?’. ते प्रश्नचिन्ह त्यांचंच. सोलापुरात राहून बाग म्हणताना आवाज जरा खाली येतोच.

मामा गेले, यादी आमच्याकडे आली. आम्ही ठरवलं, एकदम घर उकरायचं नाही, टप्प्याटप्प्यानं करायचं. पगार आला की एक काम, असा सरळ हिशेब. मिस्त्री आले, त्यांनी घर फिरून पाहिलं, भिंतीवर थापी वाजवली आणि पैशाबद्दल अवाक्षर न काढता विचारलं, “वैनी, नळ कधी हाय?”

“काल येऊन गेला.”

“मग आता चार-पाच दिवस काय करायचं? सुकं काम सांगा.”

तेव्हा मला कळलं की आमच्या गावात टप्पे पाडतो तो नळ. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरच्या नळातून सोलापुरात येतं आणि आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांनी एकदा उतरतं. सिमेंटला मात्र वार कळत नाही. कोबा असो, गिलावा असो, निदान 7 दिवस त्याला ओलं ठेवावं लागतं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. एप्रिलच्या उन्हात सकाळी मारलेलं पाणी दहा वाजेपर्यंत उडून जातं आणि संध्याकाळी पाहावं तर गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. घरात निळे ड्रम तीन, प्रत्येकी 200 लिटरचे. त्यातच आंघोळी, धुणं, भांडी. उरेल तेवढ्याचं बांधकाम.

म्हणून पहिलं सुकं काम, गच्चीला चुना. सुकं म्हणजे दोन बादल्यांत भागणारं. इथं मार्च लागला की घराघरांच्या गच्च्या पांढऱ्या होऊ लागतात. चुन्याची कळी रात्रभर भिजवायची, गाळायची, त्यात थोडं फेव्हिकॉल घालायचं म्हणजे पायाला लागत नाही, आणि ऊन उतरल्यावर दोन हात मारायचे. आम्ही कळी प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवली. कळी पाण्यात पडली की स्वतःच रटरटायला लागते, हे शाळेत शिकले होते. बादलीचं बूड मऊ पडून चुना मोरीत गेल्यावर ते आठवलं. दुसरी कळी पत्र्याच्या डब्यात भिजवली. पण त्या मे महिन्यात, पारा 44 ला टेकलेला असताना, रात्री पंख्याखाली झोप लागली. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, “यादीतलं एक तरी खोडा आता.” मी पेन्सिल आणली.

दुसऱ्या टप्प्यात आम्ही शहाणपणा केला. परसदारी चिखल होतो म्हणून हौदाच्या आधीच पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. दिसायला झकास. आमची जमीन काळी, कापसाची. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा देते. खाली मुरूम भरून, पाणी मारून, धुमसानं नीट ठोकायला हवा होता, तो अर्धाच ठोकला. कारण अर्थात पाणी. पहिल्याच पावसाळ्यानंतर ब्लॉक म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखे वरखाली झाले. त्यातच हौदाचा नळ टाकायला मधून चर खणावा लागला. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त उखडलेले ब्लॉक एकावर एक रचत राहिले. त्यांचं न बोलणं त्या दिवशी मजुरीपेक्षा महाग पडलं.

हौदाचं काम दिवाळीनंतर घेतलं, आणि तिथं आत्या कामाला आल्या. त्यांच्या माळ्यावर जुन्या सोलापुरी चादरी होत्या, लग्नाकार्यात आलेल्या, मोराच्या नक्षीच्या, विटलेल्या पण विरलेल्या नाहीत. “पोती कशाला आणता? चादर भिजवा आणि टाका.” गोणपाटापेक्षा ती सुती चादर पाणी कितीतरी जास्त वेळ धरते. कोरडी उचलायला एक माणूस पुरे, ओली झाली की दोघी लागतो. पिळायची नाही, तशीच ठिबकत नेऊन हौदाच्या झाकणाच्या स्लॅबवर अंथरायची, वर अर्धी बादली. आम्ही दोघी सकाळ-संध्याकाळ ते करत होतो, आजारी माणसाच्या कपाळावरची पट्टी बदलावी तसं. शेजारच्या अक्का कुंपणावरून तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या. मग त्यांनीच मराठीत सांगितलं, “स्लॅबला ताप आलाय काय?”

झाकणावर एक भेग नाही.

हौद झाला तशी गच्चीवरच्या पावसाला वाट काढली. चार इंची पाइप, मधे गोटे, कोळसा आणि वाळूचा गाळणीचा डबा. हिशेब मी स्वतः केला: हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर 2,300 लिटर पाणी, म्हणजे आमचे साडेअकरा ड्रम. हे कळल्यावर मी जूनभर आभाळाकडे सावकारासारखी बघत होते. सोलापूरचा पाऊस जूनला जुमानत नाही. मृग कोरडाच गेला, जुलैत नुसता शिडकावा. आला तो सप्टेंबरात, रात्री, ढोल वाजवत. आम्ही बॅटरी घेऊन हौदाशी उभे, आणि पाइपातून पडतंय काय, तर दूध! गच्चीचा चुना धुऊन येत होता. पहिल्या सरींचं पाणी बाहेर सोडायला पाइपाला वेगळं तोंड ठेवावं लागतं, ते ठेवायचं राहिलं होतं. तो झाला साडेतिसरा टप्पा, 60 रुपयांच्या टोपणाचा. यादीत असली कामं कधीच नसतात.

बागेचं प्रश्नचिन्ह अजून पुसलेलं नाही. मात्र तिथं मी घाई केली नाही. शेतातली माणसं फळझाडांचे खड्डे उन्हाळ्यात खणून ठेवतात, उन्हात तापू देतात, माती-शेणखत नंतर भरतात आणि झाड पाऊस लागल्यावर लावतात. एका झाडाचे तीन टप्पे, आणि त्यातला एक नुसता थांबण्याचा. मी मे महिन्यात दोन खड्डे खणवले, लिंबासाठी आणि शेवग्यासाठी. येणारा जाणारा विचारायचा, “खड्डा कशाला?” मी म्हणायचे, “तापतोय.” पावसानं दगा दिला तेव्हा ते तसेच उघडे राहिले आणि एकात मांजरीनं पिल्लं घातली. शेवगा सप्टेंबरात लागला. लिंबू अजून नाही, कारण पिल्लं.

उखडलेल्या ब्लॉकच्या जागी शेवटी मामांच्या वेळच्या उरलेल्या शहाबादी फरश्या आल्या, इतकी वर्षं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या. अंतर सोडून, नुसत्या मुरमावर टाकल्या. जमीन फुगली की त्या हलतात, पुन्हा बसतात. फटींमध्ये अक्कांनी दिलेला पुदिना आला आहे आणि न्हाणीघराचं पाणी आता तिकडं जातं. ओट्याचं काम मात्र सारखं मागं पडतंय. ओटा फोडला की स्वयंपाक कुठं, या प्रश्नाला आमच्या घरात तीन उत्तरं आहेत आणि तिन्हींवर भांडण होतं.

परवा मिस्त्री रस्त्यात भेटले. “गड्डा झाला की येतो, वैनी. ओटा करून टाकू.” गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत होम मैदान सोडून कामावर येणारा मिस्त्री मी अजून पाहिलेला नाही, तेव्हा ते वाजवीच होतं. घरी येऊन आत्यांना सांगितलं. त्यांनी माळ्यावरची चादर खाली काढून झटकली. मोराच्या पिसाऱ्यावर सिमेंटचे ठिपके तसेच होते, तीन धुण्यांत न गेलेले.

“ही ओट्याला पुरंल,” त्या म्हणाल्या. “फाटकाला काय, पाणी लागत नाही.”