ओपनफ्लेक्शर सूक्ष्मदर्शकावर झेब्राफिशचे पहिले चोवीस तास

झेब्राफिश या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या माशाच्या भ्रूणाचा टाइमलॅप्स (ठरावीक वेळाने काढलेल्या फोटोंचा व्हिडिओ) बहुतेक वेळा बिघडतो तो लेन्समुळे नाही, तापमानामुळे. २८.५ अंशांवर फलनानंतर पाऊण तासात पहिलं विभाजन होतं, मग साधारण दर पंधरा मिनिटांनी पुढचं. चोवीस तासांच्या सुमारास हृदय धडधडू लागतं. हे वेळापत्रक किमेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडलं, सोबत सूत्रही दिलं: २८.५ अंशांवर लागणारे तास भागिले (०.०५५ × तापमान − ०.५७). म्हणजे २५ अंशांवर चोवीस तासांचा टप्पा गाठायला जवळपास तीस तास लागतात. तापमानाची नोंद नसलेला व्हिडिओ दिसायला कितीही देखणा असो, मोजमापाला उपयोगाचा नाही.

या कामाला ओपनफ्लेक्शर हा थ्रीडी प्रिंटरवर छापता येणारा सूक्ष्मदर्शक छान जमतो. ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) खालून आणि प्रकाश वरून, त्यामुळे डिश तशीच वर ठेवता येते. स्टेज (नमुना ठेवायचा भाग) पीएलए या प्लॅस्टिकमध्ये छापलेल्या पातळ लवचिक सांध्यांवर हलतं. छापताना सपोर्ट (आधाराचे तात्पुरते भाग) लावू नका, ते काढताना सांधेच तुटतात. ऑब्जेक्टिव्ह १०एक्स (दहापट) घ्या. कवचासकट अंडं सव्वा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तसं मोठं असतं. ४०एक्सला प्लॅस्टिकच्या डिशचा जाड तळ आड येतो.

सगळं थर्माकोलच्या डब्यात ठेवून गरम करायचं असेल, तर रास्पबेरी पाय (सूक्ष्मदर्शक चालवणारा छोटा संगणक) शक्यतो बाहेर ठेवा, त्याची उष्णता कमी नसते. तापमानाचा सेन्सर हवेत लटकवू नका. शेजारी तेवढंच पाणी भरलेली दुसरी डिश ठेवा आणि सेन्सर तिच्यात बुडवा. हवेचा आणि पाण्याचा आकडा बरेचदा जुळत नाही. भ्रूण ठेवण्याआधी डबा दोनेक तास चालू राहू द्या. पीएलए तापून प्रसरण पावतं आणि फोकस सरकतो. नंतरही प्रत्येक फोटोआधी ऑटोफोकस हवाच. दर दोन मिनिटांना एक, असे दिवसाला ७२० फोटो होतात.

अंडं गडगडू नये म्हणून कमी तापमानाला वितळणारं अगारोज (जेलीसारखं गोठणारा पदार्थ) ०.५ टक्क्याच्या आसपास वापरा. ओतताना ते ३७ अंशांच्या वर नको. कवच काढलेलं असेल आणि अगारोज घट्ट झालं, तर शेपूट लांबायला जागा मिळत नाही आणि भ्रूण वाकडा वाढतो, मग तो दोष जनुकाचा वाटू शकतो. वर ई३ माध्यम (भ्रूण वाढवायचं क्षारांचं पाणी) भरा आणि झाकण लावा, नाहीतर पाणी उडून क्षार वाढतात. झाकणावर बाष्प धरलं की चित्र धूसर होतं. झाकण डिशपेक्षा किंचित गरम राहिलं तर बाष्प धरत नाही.