ठमी बंगळुरूला निघाली आहे

रविवार, रात्री

सोसायटीची मीटिंग झाली. बिल्डरने महिनाअखेरपर्यंत घरं रिकामी करून मागितली आहेत. ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत जुनी म्हणावी अशी ही एकच इमारत उरली होती, पत्रे ठोकले की हीसुद्धा गेली. नवा फ्लॅट ताब्यात येईपर्यंत आई आणि मी बंगळुरूला दादाकडे राहणार. माझं काम घरूनच चालतं, त्यामुळे माझं काही अडत नाही. प्रश्न ठमीचा, आमच्या मांजरीचा होता आणि तो मीटिंगमध्येच निघाला.

"तिला कशाला गं एवढ्या लांब नेतेस?" तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "कुत्रा माणसाला धरून असतो, मांजर घराला. राहील ती इथेच. दुकानवाले घालतील काहीबाही."

काकूंचा ठमीवर जीव आहे, त्या काही वाईट मनाने बोलल्या नाहीत. आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य आहेच. आजोळी बिऱ्हाड हलवलं तेव्हा नव्या घरी नेलेलं मांजर पुन्हा जुन्या घराच्या ओट्यावर येऊन बसलं, ही गोष्ट आई अजून सांगते. मांजर कोपरे ओळखतं, रोजची फेरी मारायचा रस्ता ठरवून घेतं, त्यात बदल झाला की बिथरतं. पण ठमी ज्या घराला धरून आहे ते घरच पाडलं जाणार आहे. मीटरच्या खोलीपाशी ती पावसात भिजलेली सापडली होती, तिथे पायाचा खड्डा खणतील. मग तिने धरून राहायचं ते कशाला?

रात्री जेवताना आई म्हणाली, "आधी ठमीचं काय ते बघ. मग माझं तिकीट काढ."

मंगळवार

दिवसभर कामाच्या मधल्या वेळात फोनाफोनी. पहिला विचार रेल्वेचा केला होता. मांजर सोबत ठेवायचं तर एसी फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर हवी, नाहीतर तिला गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात टाकायचं. उद्यान एक्स्प्रेसला जवळपास अख्खा दिवस-रात्र लागते. तेवढा वेळ ठमी एकटी पिंजऱ्यात, दर स्टेशनावर माणसांचा आणि गाड्यांचा गोंगाट. तो विचार तिथेच सोडला.

विमानाला पावणेदोन तास. आपल्याकडे सगळ्या कंपन्या मांजर घेत नाहीत. इंडिगो घेत नाही. एअर इंडिया घेते. आकासाने नोव्हेंबर २०२२ पासून मांजर-कुत्र्यांना प्रवाशांसोबत केबिनमध्ये न्यायला सुरुवात केली. आधी त्यांची मर्यादा बॅगेसकट ७ किलोची होती, नंतर ती १० किलोंवर नेली. एका विमानात मोजकेच प्राणी घेतात, म्हणून नुसतं आपलं तिकीट काढून भागत नाही. आधी फोन करायचा, त्या विमानात जागा आहे का विचारायचं, तिचे पैसे वेगळे भरायचे आणि मगच आपलं पक्कं करायचं. पहिली रांग आणि आपत्कालीन दाराजवळची रांग मिळत नाही, कारण बॅग पूर्ण वेळ समोरच्या सीटखाली राहायला हवी. हे नियम बदलत असतात, तेव्हा कुणी हे वाचून निघणार असेल तर त्यांनी स्वतः विचारून घ्यावं.

फोनवरची मुलगी फार चांगली होती. मांजराचं नाव विचारून तिने ते लिहून घेतलं. त्याची काही गरज नसावी, पण मला बरं वाटलं.

रात्री वजन केलं. आधी मी एकटी काट्यावर, मग ठमीला कडेवर घेऊन. फरक साडेचार किलोंचा. बॅग धरूनही हिशेबात बसते.

गुरुवार

बॅग आली. करड्या कापडाची, बाजूंना जाळी, वर आणि पुढे झिप. हॉलमध्ये उघडी ठेवून दिली. ठमीने तिच्याभोवती एक चक्कर मारली, जाळीला नाक लावलं आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून तशीच थांबली. वरचा ओठ आक्रसलेला, डोळे कुठेतरी लांब लागलेले. पूर्वी मला वाटायचं तिला किळस आली की ती असं तोंड करते. तसं नाही. मांजराच्या टाळूत वास घ्यायचं आणखी एक इंद्रिय असतं, नाकाला पुरेसं कळलं नाही की ते तोंड उघडून तिथपर्यंत वास पोचवतं. नव्या बॅगेला कारखान्याचा वास, पुठ्ठ्याचा वास. आमचा वास कुठेच नाही. ती उठून कपाटावर गेली.

फ्रीजच्या कडेला जमिनीपासून वीतभर उंचीवर एक मळकट, किंचित तेलकट पट्टा आहे. तसाच स्वयंपाकघराच्या चौकटीवर आणि जेवणाच्या टेबलाच्या एका पायावर. दर दिवाळीत आई ते साबणाने पुसते आणि देवदिवाळीपर्यंत ते पुन्हा उमटलेले असतात. ठमी येता-जाता तिथे गाल घासते. मांजराच्या गालात ग्रंथी असतात, त्यांचा वास ते अशा ठिकाणी लावून ठेवतं. हा वास जिथे आहे तिथे धोका नाही, असा त्याचा अर्थ. फ्रान्समधल्या पशुवैद्यकांनी १९९०च्या दशकात या वासाची नक्कल तयार केली. आता त्याचे स्प्रे मिळतात.

आज त्या पट्ट्यांकडे बघताना वाटलं, काकू म्हणतात ते घर हेच. भिंती नव्हेत, फरशी नव्हे. ठमी धरून आहे ती या पट्ट्यांना. आणि ते हलवता येतात.

मग मऊ सुती फडक्याने तिचे गाल हलकेच चोळले. तिला ते आवडतं, मान वर करून देते. तेच फडकं बॅगेच्या चारही कोपऱ्यांवर आणि आतल्या कडांवर फिरवलं. ती झोपते तो टॉवेल न धुता आत घातला. बॅग टेबलाच्या त्या पायाशी नेऊन ठेवली. मार्गशीर्षातला गुरुवार, घरात मासळी नाही, म्हणून तिच्या आवडीच्या ट्रीटची ट्यूब बॅगेच्या तोंडाशी थोडी पिळली. पुढचे दोन पाय आत, मागचे दोन बाहेर, अशी उभी राहून तिने चाटलं. पूर्ण आत जायची घाई मी केली नाही.

शनिवार

उकडलेली मांदेली. ठमी बॅगेत शिरून खाते आणि खाऊन झाल्यावर तिथेच बसून पंजा चाटते. आता झिपेचं काम सुरू केलं आहे. कुकरच्या शिटीला ती कान हलवत नाही, पण झिप ओढल्याचा आवाज आला की अंग चोरते. म्हणून ती खात असताना लांब बसून दुसऱ्याच एका पर्सची झिप उघड-बंद करायची. मग जरा जवळ येऊन. मग बॅगेचीच, पण दोन बोटं. आईने हे काम आपल्याकडे घेतलं आहे. दुपारी जप करायला बसते तेव्हा एका हातात माळ आणि दुसऱ्या हातात पर्स असते. जप करताना तिला कुठलंच मधलं काम चालत नाही, हे चाललं.

सोमवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. रेबीजची लस वेळेत आहे. लसीच्या बाटलीवरचं लेबल, बॅच नंबरासकट, तिच्या पुस्तकात चिकटवलेलं आहे, काउंटरवर तेच दाखवायचं. प्रवासाला योग्य असल्याचा दाखला ते निघण्याच्या आदल्या दिवशी देतील, कारण तो ताजा लागतो.

मी झोपेच्या औषधाचं विचारलं. दादाच्या एका मित्राने सुचवलं होतं, देऊन टाकायचं म्हणजे दोन तास कळतही नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नीट बसून समजावलं. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो, साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असेल तेवढा ठेवलेला असतो. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर. म्हणजे ठमी तिकडे कळसूबाईहून उंच ठिकाणच्या विरळ हवेत बसलेली असणार. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, अंगातली ऊब सांभाळणं जमत नाही आणि बॅगेत धक्का बसला तर तिला तोलही सावरता येत नाही. त्यातून काही बिघडलं तर गुंगीत असलेल्या प्राण्याकडे बघून आपल्याला ते ओळखता येत नाही. चपट्या नाकाच्या पर्शियन मांजरांची तर आधीच श्वासाची ओढाताण असते.

फार घाबरणाऱ्या मांजरांना ते गॅबापेंटिन देतात, गुंगीसाठी नव्हे, भीती उतरावी म्हणून. तेही आधी एका सुट्टीच्या दिवशी घरी देऊन बघायचं, काय होतं ते पाहायचं आणि मग ठरवायचं. ठमीला तपासून, बॅगेत कशी बसते ते बघून ते म्हणाले, "हिला बहुतेक लागणार नाही. तुम्ही तयारी चालू ठेवा." निघताना आईला पुन्हा बजावलं, मनाने काही द्यायचं नाही, माणसांचं तर मुळीच नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते. त्याच्या यकृताला ती पचवता येत नाही.

एक खूण सांगितली ती इथे लिहून ठेवते. मांजर ओरडलं तर ओरडू द्यावं. पण तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखं धापा टाकायला लागलं तर ते संकटात आहे, लगेच केबिन क्रूला हाक मारायची.

बुधवार

संध्याकाळी रिक्षाने उपवनपर्यंत गेलो आणि तळ्याला वळसा घालून परत. ठमी तीन हात नाक्यापर्यंत ओरडली, पुढे गप्प. रिक्षावाले दादा म्हणाले, त्यांच्याही घरी दोन आहेत. परत येताना गाडी जरा हळू चालवली त्यांनी.

शुक्रवार

मला खरी धास्ती सुरक्षा तपासणीची आहे. रिकामी बॅग एक्स-रे यंत्रातून जाते, मांजराला बाहेर काढून छातीशी धरून आपण मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जायचं. ट्रेचा खडखडाट, अनोळखी माणसं, वर भले मोठे दिवे. तिथे ती हातातून निसटली तर? एवढ्या मोठ्या इमारतीत घाबरलेलं मांजर कुठे शिरेल आणि कधी सापडेल, या विचाराने काल मी रात्री उठून बसले.

म्हणून हार्नेस, म्हणजे तिच्या छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा. पहिल्यांदा घातला तेव्हा ती जमिनीला चिकटली आणि पोटावर सरपटत सोफ्याखाली गेली. आता अंगात असताना जेवते, खिडकीत बसते. गळ्यातला घुंगुर काढून ठेवला. पट्टा माझ्या मनगटाला दोनदा गुंडाळून तिला धरायची सवय करते आहे. एक हात पुढच्या पायांमागून, दुसरा मागच्या पायांखाली, तिचं तोंड माझ्या काखेकडे. डोळ्यांवर अंधार आला की ती शांत होते. काकूंचा नातू आज पोलीस झाला होता. स्वयंपाकघराच्या दारात स्टीलचं ताट आपटत "पुढे या, पुढे या" म्हणत होता आणि ठमी माझ्या काखेत नाक खुपसून होती. पोरगं फार मनापासून करत होतं. त्याला सांगितलं, विमानतळावर गेले की तुझी आठवण काढीन.

तिथे गर्दी असली तर आडोशाच्या खोलीत तपासणी करता येईल का, असं विचारायचं. विचारण्यात कमीपणा नाही.

निघायच्या आदल्या रात्री

दाखला मिळाला. त्याच्या दोन झेरॉक्स, लसीचं पुस्तक, तिकीट, सगळं एका पारदर्शक फाईलमध्ये. बॅगेत तळाशी ओलावा शोषणारा पॅड, त्यावर टॉवेल. माझ्या पर्समध्ये जास्तीचे दोन पॅड, ओले वाइप्स, छोटी वाटी, ट्यूब.

विमान सकाळी अकराचं. भरल्या पोटी हालचाल झाली की तिला उलटी होते, म्हणून पहाटे पाचला थोडंसं खाणं आणि मग उतरेपर्यंत काही नाही. पाणी निघेपर्यंत समोर राहील. सातला गाडी. पूर्व द्रुतगती महामार्गाने पवईवरून जायचं. ट्रॅफिकचा भरवसा नाही आणि काउंटरवर तिच्या कागदांना वेळ लागतो, म्हणून मुद्दाम लवकर.

घरात आता खोकी आणि दोऱ्या. फ्रीज काल गेला. ठमी फ्रीजच्या रिकाम्या जागेवर बराच वेळ बसून राहिली, मग उठून बॅगेत जाऊन झोपली. सामानाची माणसं ये-जा करत होती, दार उघडं होतं, तरी बाहेर आली नाही. आईने मला हाताने खूण करून दाखवलं. दोघी तिथेच खोक्यांवर बसलो.

संध्याकाळी काकू येऊन गेल्या. ठमीसाठी उकडलेली करंदी आणली होती, बिनमिठाची. म्हणाल्या, "पोचलीस की तिचा फोटो पाठव. तुझा नाही पाठवलास तरी चालेल." जाताना डोळे पुसत गेल्या. त्या त्यांच्या मुलाकडे ऐरोलीला जाणार.

दादाला फोनवर सगळं सांगून ठेवलं आहे. देवनहळ्ळीहून जयनगरला यायला तास-दीड तास सहज जाईल, तर गाडीत गाणी नकोत. घरी मागची खोली फक्त ठमीची, पहिले काही दिवस दार बंद. खिडकीला जाळी बसवून झाली का, हे मी तीनतीनदा विचारलं. झाली आहे. तिच्या इथल्या शी-शूच्या ट्रेमधलं वापरलेलं लिटर (त्यात घालायची रेती) मूठभर एका पिशवीत घेतलं आहे, तिथल्या नव्या ट्रेमध्ये मिसळायला, म्हणजे जागा कुठली ते तिला कळेल. ते गाल पुसायचं फडकं सीलबंद पिशवीत आहे. पोचल्यावर सगळ्यांत आधी खोलीच्या चौकटीवर, पलंगाच्या पायांवर, तिच्या उंचीवर ते फिरवायचं.

वहिनी विचारत होती, ठमीसाठी नवी गादी आणून ठेवू का. नको म्हटलं. आईने तिची जुनी गोधडी न धुता बांधली आहे.