पाव रविवार

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, जिथे चालणारी माणसं आपोआप पळायला लागतात, नेमक्या त्या जागी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. बुधवार होता. घड्याळात ८.३६ आणि माझी फास्ट लोकल ८.४२ ची. तुटकी चप्पल ओढत पूल चढायचा, तर मागून येणाऱ्या सगळ्या ठाण्याच्या शिव्या खायच्या. मुकाट्याने कोपऱ्यात बसणाऱ्या चपलावाल्या मामांसमोर गेले.

"मामा, लवकर होईल का? गाडी आहे."

"गाडी रोजच असते," मामा म्हणाले आणि पायाखाली ठेवायला एक पुठ्ठा सरकवला.

दोऱ्याला मेण लावणं, आरीने भोक पाडणं, टाका ओढणं, तो पुन्हा बोटाने दाबून बघणं. यातलं काहीही घाईने होत नाही, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. मी स्टुलावर. एका पायात चप्पल, दुसरा पुठ्ठ्यावर. अशा अवस्थेत माणूस जाणार कुठे? वरून ८.४२ ची घोषणा ऐकू आली, मग गाडी गेल्याचा आवाज. छातीत नेहमीसारखं धस्स झालं, पण लगेच विरलंही. मग दिसायला लागलं की समोरचा फुलवाला शेवंतीच्या पाकळ्यांवर पाणी शिंपडतोय, आणि रांगेतला एक रिक्षावाला आरशात बघून केस विंचरतोय, तेही अगदी मन लावून. आणि बुधवारी सकाळी पावणेनऊला माझ्या पोटात चक्क रविवार उतरला.

पुढे फास्टच्या मागे न लागता ठाण्याहून सुटणारी स्लो घेतली. खिडकी मिळाली! बँकेच्या शाखेत पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एवढ्यावर भागलं.

त्या रात्री विचार करत होते, की जे बुधवारी मिळालं ते गेल्या कित्येक रविवारी का मिळालं नव्हतं? रविवार तर हक्काचा. पण आमच्या घरचा रविवार जवळून बघा. मशीनचे दोन घाणे, आठवड्याची भाजी जांभळी नाक्यावरून आणायची, ती निवडायची, कोथिंबीर कागदात गुंडाळायची. डोंबिवलीला कुणाची तरी मुंज किंवा साखरपुडा, आणि त्याच दिवशी रेल्वेचा मेगाब्लॉक. जेवणानंतर डुलकी लागते, पाच वाजता जाग येते, तेव्हा खिडकीत सोमवार उभा असतो. खरा रविवार सकाळी सात ते दहा, फार तर साडेदहा. त्या तीन तासांत घरात कुणी कुणाला "आवर" म्हणत नाही.

शनिवारचीही तीच गत. आम्हा बँकवाल्यांना २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे. माझी नणंद सरकारी कार्यालयात, तिला फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस पाच दिवसांचा आठवडा मिळाला. तेव्हा तिने पेढे वाटले होते. आता विचारलं तर म्हणते, "वहिनी, पूर्वी एक दिवस घर आवरायचे, आता दोन दिवस आवरते."

म्हणून मी ठरवलं, आठवड्याच्या मधेच रविवार आणायचा. पहिला प्रयोग मटणाचा. मंगळवारी रात्री. सासूबाईंनी वार बघून कपाळाला हात लावला, मुलगा क्लासवरून साडेनऊला आला, आणि रस्सा शिजेपर्यंत आम्ही सगळे भुकेने एकमेकांवर खेकसत होतो. दुसरा प्रयोग मिसळीचा. तहसील कार्यालयाशेजारची मामलेदार मिसळ हा ठाणेकरांच्या रविवारचा मानबिंदू. ती एका गुरुवारी सकाळी, कामावर जाण्याआधी, आठ मिनिटांत खाल्ली. मिसळ तीच, तर्री तीच, डोळ्यांतलं पाणीही तेच. पण दर घासाला मनगटाकडे बघत होते. रविवारी त्याच तिखटाने कसं बरं वाटतं, गुरुवारी नुसतं तिखट लागलं.

मग त्या बुधवारचं आठवून बघितलं. तिथे मटण नव्हतं, मिसळ नव्हती. होता फक्त पुठ्ठ्यावर ठेवलेला एक पाय.

आता बुधवारी मी घरातून पंधरा मिनिटं आधी निघते आणि फास्टच्या वाटेला जात नाही. ठाण्याची स्लो, खिडकी, फोन पिशवीत. कळव्याकडून भरून आलेल्या गाड्या शेजारून धडाडत जातात आणि मी मुलुंड, नाहूर, भांडुप असं एकेक स्टेशन चाखत बसते. संध्याकाळी उतरले की शेअर रिक्षाच्या रांगेत न शिरता तलावपाळीला एक फेरी. कोपिनेश्वराला बाहेरूनच नमस्कार, मग गडकरी रंगायतनच्या बाजूने वळसा. कधी कठड्यावर टेकून पाण्यातल्या होड्या बघायच्या. सकाळची पंधरा आणि संध्याकाळची वीस, मिळून झाली पस्तीस मिनिटं. चिरंजीवांना हा कार्यक्रम समजावताना मी त्याला "पाव रविवार" म्हटलं, तर तो म्हणाला, "पाव आहे, मग मिसळ कुठंय?"

सासूबाई मात्र गंभीर झाल्या. शिक्षिका होत्या, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. "तुम्हाला काय आई, रोजच रविवार," असं आम्ही सगळेच त्यांना येता-जाता म्हणतो. त्या दिवशी म्हणाल्या, "अगं, रोज रविवार झाला ना, की रविवार हरवतो. सकाळी पेपर जाड आला की कळतं, आज रविवार." म्हणून त्यांनी म्हणे चार वर्षांपूर्वीच सोमवार ते शुक्रवार इमारतीतल्या मुलांची शिकवणी सुरू केली. मला वाटत होतं वेळ जात नाही म्हणून. त्या रविवार परत मिळवायला शिकवत होत्या.

त्यांनीच मला कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण करून दिली. आपल्या ठाण्यात जन्मलेला माणूस. गिरण्यांमधल्या कामगारांना आठवड्याची सुट्टीच नव्हती, तेव्हा १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि मागण्यांचं निवेदन दिलं, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी मंजूर व्हायला १० जून १८९० उजाडला. मी उगाच कॅलेंडर उलटं मोजत बसले, तर तो दिवस निघाला मंगळवार. म्हणजे रविवार आपल्याला मंगळवारी मिळालेला आहे! पण मला त्याहून जास्त आवडलं ते वेगळंच. त्याच निवेदनात रविवारच्या बरोबरीने आणखी एक मागणी होती, रोज दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी. आठवड्याचा एक दिवस मागतानाच या माणसाने रोजचा अर्धा तासही मागून ठेवला होता. माझी पस्तीस मिनिटं त्यापुढे फार नवी नाहीत.

ठाण्यात पहिली आगगाडी आली तीही १६ एप्रिल १८५३ ला, शनिवारी दुपारी. बोरीबंदरहून ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे, आणि मुंबईला त्या दिवशी सुट्टी दिलेली. या मार्गावरचा पहिला प्रवास म्हणजे शनिवारची सहलच. त्या चारशेंपैकी कुणी दारात लटकलं नसेल, एवढं नक्की.

आता कुणी म्हणेल, हे सगळं ठाण्याहून गाडी सुटते म्हणून सुचतं, बदलापूरच्या बाईने काय करायचं? खरं आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी तिथूनच येते. तिला पाव रविवारचं सांगितलं तर म्हणाली, "मी उभ्या-उभ्या डोळे मिटते दिव्यापर्यंत, तोच माझा." दीड-दोन आणे म्हणू या.

परवा बुधवारी मामांकडे थांबले. चप्पल ठीक होती, पण पिशवीचा बंद जरा उसवल्यासारखा वाटत होता. खरं तर नव्हता उसवला. मामांनी तो उलटापालटा करून बघितला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता स्टूल पुढे सरकवलं.

"मामा, तुमची सुट्टी कधी?"

"मेगाब्लॉक असेल त्या दिवशी," ते म्हणाले. "गिऱ्हाईक नसतं. बसून असतो इथंच. लई बरं वाटतं."

वर ८.४२ ची घोषणा झाली. त्यांनी दोऱ्याला मेण लावायला घेतलं.