निगेटिव्ह

रिपोर्ट मीच लावला, मीच वाचला. व्हॅरिसेला आयजीजी, म्हणजे रक्तातल्या कांजण्यांच्या अँटीबॉडी, निगेटिव्ह. म्हणजे लहानपणी मला कांजण्या झाल्याच नव्हत्या, आणि माय इतकी वर्षं सांगत आली की झाल्या होत्या, एकाच उन्हाळ्यात सगळ्यांना झाल्या होत्या. चौघा भावंडांत कोण सुटलं हे कोणाच्या लक्षात राहणार म्हणा.

एनएबीएचची, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेची, तयारी चालू आहे, त्यामुळे आमच्याकडे स्टाफच्या लसींचं रजिस्टर भरणं चालू आहे. हिपॅटायटिस बी चे तिन्ही डोस झालेत, त्याचं काही नाही, त्यात जिवंत काही नसतंच. कांजण्यांच्या लशीत मात्र विषाणू जिवंत असतो, कमजोर केलेला असला तरी जिवंत. फॉर्मवर विचारलंय, गरोदर आहात का, ॲलर्जी आहे का, स्टिरॉइड चालू आहे का. नाही, नाही, नाही. घरात कोणाचं काय चालू आहे याला रकानाच नाही. मी खाली पेनाने लिहिलं तर एचआरच्या मॅडम म्हणे, "पण तुम्हाला स्वतःला काही नाही ना?" नाही. मला स्वतःला काहीच नाही.

ते जाऊ दे, मॅडमचं कामच ते. डोक्यात बसलंय ते घरचं. दादाचा चिकू, त्याची ल्युकेमियाची, रक्ताच्या कॅन्सरची, ट्रीटमेंट चालू आहे.

रात्री जेवताना सांगितलं. वहिनी काही बोलली नाही, भाकरी वाढली, उठली, कॅलेंडरजवळ गेली आणि विचारलं, "ताई, तारीख कोणती?" मी सांगितली. तिथून सहा आठवडे मोजून तिने शेवटच्या दिवसाला गोल केला. बस, एवढंच. दादा म्हणाला वरची खोली साफ करून देतो, म्हणजे त्यानेही मनात मोजून ठेवलं होतं.

मी काय भांडणार. एका कंपनीच्या लशीच्या कागदावर तसं लिहिलेलं आहेच, की ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे आणि ज्यांना कांजण्या झालेल्या नाहीत अशांपासून सहा आठवडे जमेल तितकं लांब रहा. पण चिकूच्या परळच्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले लस घ्याच, घरातल्या सगळ्यांनीच घ्यायला पाहिजे, चिकूला आत्ता देता येत नाही म्हणून तर जास्तच, आणि अंगावर पुरळ आलं तरच लांब रहा. पुरळ थोड्याच जणांना येतं, आणि ते न येता दुसऱ्याला लागण झाल्याचं त्यांच्या ऐकण्यात नाही. उलट मला खऱ्या कांजण्या झाल्या तर फोड यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मी त्या घरभर वाटणार, आणि ज्याला झालेल्या नाहीत असा घरातला माणूस त्यातून क्वचितच सुटतो. दिवसभर तापाच्या पोरांचं रक्त काढते मी. हे सगळं वहिनीला सांगितलं, तिला पटलंही. गोल तसाच आहे.

रात्रीची सिक्स-एमपी, त्याची कॅन्सरची गोळी, चिकूला मीच देते, दुधासोबत नाही, तोंड धुवून, गोष्ट सांगून. प्लेटलेट किती आहेत ते वहिनीच्या आधी मला कळतं. आणि आता मीच धोका. धोका म्हणजे मी, या घरातली. लग्नाचं तर... जाऊ दे, तो विषय आज नको.

झोप येईना म्हणून वाचत बसले. ही लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशींनी काढली, १९६४ साली त्यांच्या स्वतःच्या पोराला कांजण्या फार जोराच्या झाल्या होत्या म्हणून. पुढे १९७४ मध्ये लस आली. ज्या मुलाच्या फोडातून विषाणू घेतला त्याचं आडनाव ओका, अजून त्याच नावाने चालतो तो. आणि सुरुवातीच्या काळात ही लस ल्युकेमियाच्या मुलांनाही देऊन पाहिली होती! रात्री दोन वाजता हे वाचून मला हसू आलं, का ते सांगता येणार नाही.

बरं, माझ्या लशीची तारीख कानबाईनंतरची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या श्रावणातल्या सणानंतरची आहे. कानबाईला सगळे भाऊबंद येतील, सुरतचे, कल्याणचे, नाशिकचे, सगळी पोरं शेंबडी, चिकूला उचलून घेतील, गाल ओढतील, रोट खाऊ घालतील. त्यांच्यासाठी कुठला फॉर्म? कोणाची आयजीजी? त्यांना विचारायची कोणाची छाती आहे? आजीला म्हटलं या वर्षी पोरं कमी बोलवा, तर म्हणे, "आपली कानबाई शे ना, काही व्हत नही." शेवटी दादाने फोन करून ताप-सर्दीवाल्यांनी येऊ नका एवढं तरी सांगितलं. दोघं रुसले.

चिकूने सकाळी विचारलं, "आत्या, सुईने तुझे केस जातील का?"

नाही म्हटलं.

"मग काय एवढं," म्हणे, आणि गेला मोबाईल मागायला. त्याच्या हिशोबात माझी सुई कुठेच बसत नाही, त्याने काय काय टोचून घेतलंय. मी वरच्या खोलीत सतरंजी, टेबलफॅन आणि ती जुनी बादली नेऊन ठेवली. पुरळ आलं नाही तरी राहते सहा आठवडे, वहिनीला झोप लागेल, आणि खरं सांगू का, पहाटे सगळ्यांच्या आधी उठून पाणी भरायची पाळी तेवढे दिवस माझी नसेल.

फक्त एक गोची आहे. दुसरा डोस चार ते आठ आठवड्यांनी घ्यायचा असतो. एचआरला रजिस्टर पूर्ण करायची घाई, म्हणून त्यांना चौथ्या आठवड्यातच पाहिजे. म्हणजे पहिले सहा आठवडे संपायच्या आतच. मी आठव्यातच घेणार आहे. उद्या मॅडमकडे जाऊन त्याचं लेखी देते, रकाना नसला तरी.